निशिकांतच्या वाटची टोपी

रविवारची जेवणं उरकली, पाहुण्यांच्या हातात श्रीखंडाच्या वाट्या आल्या, तसा पद्माकर कुबडी टेकत उठला. त्यानं कपाटातून गवताची एक टोपी काढली आणि निशिकांतपुढे आदळली. सिंगापुरात यिशुन भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये दोन महिने तो या घटकेची वाट बघत होता.

"काय रे हे?" निशिकांत हसला.

"तुझी आहे. मादागास्करच्या त्या खेड्यातनं आलीय."

निशिकांतचं हसू मावळलं. तिथल्या डोंगरात पायी हिंडताना पद्माकरचा घोटा मोडला, तेव्हा हा गृहस्थ 'मदत घेऊन येतो' म्हणून जो गेला, तो थेट सिंगापूरच्या विमानात बसला. सोमवारी ऑफिसात प्रेझेंटेशन होतं म्हणे! वर इथल्या मराठी मंडळात सांगत फिरला, पद्माकरनंच जा म्हटलं. याला चारचौघांत उभा सोलायचा, हे पद्माकरनं तिथंच ठरवलं होतं.

"ऐका सगळे," तो म्हणाला. "गावकऱ्यांनी मला झोळीत घालून पाच तास वाहून नेलं. घरातली एकुलती एक खाट दिली. तिथल्या मास्तरांना इंग्रजी यायचं. मी तीनदा सांगितलं, माझा मित्र मला टाकून पळाला. कुणाला पटेचना! जखमी सोबत्याला टाकून कोण जाईल? तो वाट चुकला असणार, म्हणाले. दोन माणसं तुला शोधायला डोंगरात गेली, निशिकांत. आणि मास्तरांच्या आईनं ही टोपी विणली. सापडेल तेव्हा बिचारा उन्हानं होरपळलेला असेल, म्हणून."

निशिकांतचा चेहरा पांढराफटक पडला. पद्माकरच्या जिवाला अस्सं गार वाटलं!

निशिकांतची बायको उल्का टोपी उलटसुलट करून बघत होती. आत एक चिठ्ठी टाचलेली होती.

"हा नंबर कुणाचा, भावजी?"

"मास्तरांचा. निशिकांत सापडला की कळवा, म्हणाले होते."

"मग कळवलंत?"

दोन महिन्यांत पद्माकरला ते सुचलंच नव्हतं.

उल्कानं तिथल्या तिथं नंबर लावला, फोन स्पीकरवर टाकून टोपीशेजारी ठेवला. "सिंगापूरहून बोलतेय, पद्माकरच्या घरून," ती इंग्रजीत म्हणाली.

पलीकडे कुणीतरी घाईघाईनं कुणाकुणाला हाका मारल्या. मग मास्तरांचा आवाज आला, "सापडला का हो तो?"