मागच्या गाडीचा रेटा

"व्हॅनला ब्रेक आहे ना? मग मागच्या गाडीला कशाला?" देवचंदने तिसऱ्यांदा विचारलं आणि व्हॅनभोवती आणखी एक फेरी मारली.

मेहरूण तलावाजवळच्या एका गॅरेजात सकाळपासून तो एका जागी बसला नव्हता. त्याची मुलगी प्रज्ञा डोळ्यांची डॉक्टर. तिची तपासणीची व्हॅन उद्या पालचा घाट चढून पाड्यांवर जाणार होती. अरुंद वाटांसाठी एक छोटी गाडी लोखंडी दांडीने मागे जोडली होती. व्हॅन चालवणार देवचंद. एसटीचा ड्रायव्हर म्हणून निवृत्त होऊन त्याला दोनच वर्षं झाली होती.

कुंदन मिस्तरीने दोन उपाय सांगितले. व्हॅनच्या ब्रेकपासून मागच्या गाडीपर्यंत पाइप टाकायचा. काम पक्कं, पण चार दिवसांचं. नाहीतर ही पेटी. मागच्या गाडीत सीटपुढे ठेवायची, तिचा दांडा ब्रेकच्या पेडलला अडकवायचा. व्हॅन थांबायला लागली, की पेटी पेडल दाबते.

"चार दिवस कुठून आणू?" प्रज्ञा म्हणाली. "उद्या माणसं येऊन बसतील. पेटी बसवा."

"काही नको. एकतीस वर्षं खच्चून भरलेली गाडी थांबवलीय मी. चल, दाखवतो," देवचंद म्हणाला.

त्याने व्हॅन सुरूच केली. प्रज्ञा धावत शेजारी चढली.

तलावाकडच्या उतारावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी अचानक रस्त्यात आली. देवचंदने ब्रेक दाबला. व्हॅन थांबत आली आणि मागून रेटा बसला. पाय पेडलवर होता, तरी व्हॅन पुढे सरकत राहिली. तो जवळजवळ उभा राहिला ब्रेकवर. म्हातारीपासून हातभर अंतरावर चाकं थांबली. भारा खाली पडला होता.

म्हातारीने व्हॅनवर रंगवलेला मोठा डोळा पाहिला, मग देवचंदकडे पाहिलं.

"डोये तपासाची गाडी ना ही? मंग आधी तुहे तपास, भो!"

देवचंद उतरला. "चुकलं, अक्का." त्याने भारा उचलून तिच्या डोक्यावर दिला. परत येताना तो पहिल्या गिअरच्या वर गेला नाही.

गॅरेजात शिरताच तो म्हणाला, "कुंदन, बसव ती पेटी."

पेटी बसली. कुंदन म्हणाला, "नाना, पेडल कसं दाबायचं ते या पेटीला एकदा शिकवावं लागतं. तुम्ही ब्रेक लावता तसा लावा, ती तसंच करते."

देवचंदने चपला काढल्या आणि छोट्या गाडीत बसला. पाय ठेवला. आधी नुसता टेकवला, मग हळूहळू रेटत पार तळापर्यंत नेला. कुंदन पेटीवरचा काटा बघत होता. काटा शेवटपर्यंत गेला, पण कुठेही उडी न मारता.

"जोर पुरेसा आहे," कुंदन म्हणाला. "पण एवढं जपून कशाला? ही गाडी रिकामीच असणार. दाबा की खाडकन."

"तसं जमत नाही मला," देवचंद म्हणाला. त्याचा पाय अजून पेडलवरच होता. "मागं माणसं उभी असतात."