बारीक अक्षरातलं नाव

"पुंजाजीचं नाव छापायचंच असन तर असं छाप, का कोणाले वाचताच आलं नाही पायजे!" मेहकरच्या छापखान्यात हिंमतरावांनी टेबलावर हात आपटला.

प्रेरणानं हसू गिळलं. बापाकडून एवढं कबूल करून घ्यायलाच तिला कितीतरी दिवस रुसून बसावं लागलं होतं. लग्न तिचं होतं. पत्रिकेत नाव नसेल तर पुंजाजीकाका येणार नव्हते, आणि काका नसतील तर मांडवात तिचा जीव रमणार नव्हता. ज्याच्या खांद्यावर बसून सगळ्या जत्रा पाहिल्या, त्याला सोडून बोहल्यावर चढायचं तरी कसं? आणि भांडण कशाचं, तर पोळ्याच्या तोरणाखालून आधी कोणाची बैलजोडी जाणार याचं! तेव्हापासून हे सख्खे भाऊ समोरासमोर आले की रस्ता बदलत.

छापखान्यातल्या रुपालीनं कॉम्प्युटरवर एक फॉन्ट उघडला. बारीक, तिरकी, एकमेकांत गुंतलेली अक्षरं. कोणी घाईघाईत पेनानं लिहावीत तशी.

"हा पाहा हिंमतरावकाका. हातानं लेह्यल्यासारखा दिसते. 'आहेर आणू नये' आम्ही यातच टाकतो, म्हंजे कोणी वाचत नाही."

"हाच टाक!" हिंमतराव एकदम खूश.

झालं. बाकी सगळ्या भाऊबंदांची नावं ठळक, काळीभोर. पुंजाजींचं तेवढं सगळ्यात खाली, बारीक अक्षरात.

काकांच्या घरी पत्रिका द्यायला प्रेरणा स्वतः गेली. काकांनी चष्मा लावला. पत्रिका पाहिली, डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा पाहिली, आणि आत निघून गेले. प्रेरणाला वाटलं, कळलं त्यांना, झाली फजिती! घरी येऊन ती बापाशी दोन दिवस बोलली नाही.

लग्नाच्या दिवशी अक्षता वाटणं सुरू होतं आणि मांडवाच्या दारात गलका झाला. पुंजाजी आले होते! नवं धोतर, डोक्याला फेटा, हातात पत्रिका. ते तडक हिंमतरावांसमोर जाऊन उभे राहिले. हिंमतरावांनी छाती पुढे काढली. आता काय होतं म्हणून वाजंत्रीवालेसुद्धा थांबले.

"भाऊ," पुंजाजींनी पत्रिका पुढे धरली, "साऱ्यायची नावं मशीननं छापली, अन् माह्यं एकट्याचं तू हातानं लेह्यलं?"

हिंमतरावांनी तोंड उघडलं. शेजारी उभ्या प्रेरणानं शालूच्या आडून त्यांना असं कोपर मारलं, की ते तसंच मिटलं.

"मले आधी खरंच नाही वाटलं. मंग गावात घरोघरी जाऊन पत्रिका पाह्यल्या. साऱ्यायवर तसंच!" पुंजाजींनी फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले. "तोरणाखालून तुहीच जोडी पुढं जाईन आता. पण एवढ्या पत्रिका, भाऊ... हात नाही दुखला तुहा?"

हिंमतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा भावाकडे. मग आपला उजवा हात डाव्या हातात घेऊन हळूच चोळला.

"दुखला थोडासा," ते म्हणाले.