सरलाबाईची साक्ष

निवृत्त न्यायाधीश सोनवणे साहेब सुरतच्या महापालिका निवडणुकीला उभे होते. गोडादऱ्याच्या गल्लीत दारोदार औक्षण करून घेत ते पुढे येत होते, तशी सरलाबाई हातातल्या ताटासकट दाराआड सरकत होती. साहेबांनी आपल्याला ओळखू नये, एवढंच.

त्यांनी ओळखलं.

"अरे, या तर आमच्या मावशी!" साहेब गर्दीकडे वळले. "यांच्या एका साक्षीवर मी या समोरच्या घरातल्या लोटूला कारखान्यातल्या खुनाबद्दल जन्मठेप दिली. या कुणाला घाबरल्या नाहीत, आणि मीही नाही!"

टाळ्या. ढोल.

समोरच्या ओट्यावरून लोटूची पोरं टक लावून बघत होती. कुंकू लावायला सरलाबाई साहेबांच्या अगदी जवळ गेली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं,

"साहेब, मी काहीच देखं नव्हतं. कारखान्याच्या सेठनी शिकाडं, तेच बोलनू. लोटूले सोडाडा."

साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. गर्दीला हात जोडत, ओठ न हलवता ते म्हणाले,

"हळू बोला, मावशी. सेठ माझ्या मागेच उभे आहेत."