कप बघण्याचा कार्यक्रम

माझ्या जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरलेल्या टिपणीसबाईंना मी ओळखलं. त्यांनी मला नाही.

"सासूबाईंच्या वेळचे चिनी मातीचे कप आहेत. किती मिळतील?"

मी एक कप उजेडापुढे धरला. पलीकडून बोट दिसावं इतका नाजूक. सोनेरी कडही शाबूत. माल अस्सल होता, माझं डोकं मात्र तापलं होतं.

याच बाई मुलासाठी मला बघायला आल्या होत्या. मला चालायला लावलं, केस सोडायला लावले, चहा-पोहे हाणले आणि म्हणाल्या, "मुलगी गुणी आहे, पण रंग जरा दबलेला. कळवतो." आई कितीतरी दिवस फोनपाशी बसून होती.

मी कप उपडा केला, टिचक्या मारल्या. बाई अवघडून उभ्या.

"कप छान आहेत," मी म्हणाले. "पण रंग जरा दबलेला. कळवते."