पुढच्या वर्षी नक्की

इतिहास विभागाच्या वार्षिक फोटोत फक्त कायम प्राध्यापक बसतात. मी तासांवर शिकवते, म्हणून गेली एकोणीस वर्षं कॅमेऱ्याच्या बाजूला सगळ्यांच्या पर्सेस सांभाळत उभी असते. त्यात माझीही एक, तुटक्या चेनला सेफ्टी पिन लावलेली.

यंदा विद्यापीठाची शंभरी. सकाळी फोटो झाल्यावर विभागप्रमुख म्हणाले, "बाई, प्रदर्शनासाठी जुने फोटो तेवढे पुसून ठेवा. तुमचं पुढच्या वर्षी नक्की बघू."

ते पुढचं वर्ष अजून उजाडायचंय.

पर्स खांद्याला अडकवून मी फडकं घेऊन व्हरांड्यात गेले. अलीकडच्या फोटोंत सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते. चाळीस वर्षांपूर्वीच्या फोटोत नजरा जराशा बाजूला वळलेल्या दिसल्या, मी उभी असते त्या बाजूला. त्याआधीच्या फोटोंत मानाही वळल्या होत्या.

शेवटचा फोटो स्थापनेच्या वर्षाचा. त्यातले अकराही जण थेट माझ्याकडे बघत होते. पहिल्या रांगेत एक खुर्ची मोकळी होती.

मी काच पुसली. खुर्चीवर एक पर्स होती. तिच्या चेनला सेफ्टी पिन होती.

मी खांदा चाचपला.