गव्हर्नरांविरुद्धचा अर्ज

"हा अर्ज कच्चा आहे," गव्हर्नर थॉर्नडाइक म्हणाले आणि कागद त्यांनी टेबलावर ठेवला.

समोर युडोरा बातिस्त उभी होती. डोंगरापलीकडच्या मच्छीमार वस्त्यांची सुईण. दोन दिवस खेचरावर बसून ती बंदरावर आली होती. अर्ज गव्हर्नरांविरुद्धच होता. त्यांनी पलीकडचा दवाखाना बंद केला, त्यांना इथून हलवा, अशी मागणी होती. तो जायचा होता लंडनला, मंत्र्यांकडे. पण बेटावरचा कुठलाही अर्ज गव्हर्नरांच्या हातून, त्यांच्या शेऱ्यासहच जायचा. तसा नियमच होता. आता ते तो फाडणार, अशी तिची खात्री होती.

गव्हर्नरांना त्या वर्षी तिसऱ्यांदा हिवताप झाला होता. सकाळपासून उसाचे मळेवाले आले, पाद्री आले, तुरुंगाचे अधिकारी आले. सगळ्यांना नाही म्हणता म्हणता त्यांचा घसा बसला होता.

"थट्टा करू नका, साहेब," युडोरा म्हणाली. "आमच्या बाया मेल्यात."

"किती?"

"पुष्कळ."

"पुष्कळ म्हणून भागत नाही. बसा. मी सांगतो ते लिहा."

डोळे मिटून ते सांगू लागले. मार्च महिना, सेलेस्टीन ऑगुस्त, वय एकोणीस, डोंगराच्या वाटेवरच बाळंत झाली, दोघंही गेली. एप्रिल, मोना फेलिक्स, तीन मुलांची आई. अशी सात नावं, एकही कागद न बघता. पाचव्या नावाला युडोराचा हात थांबला. ती बाई तिच्या मांडीवर गेली होती.

"तुम्हाला सगळं माहीत होतं? मग बंद का केलात?"

हुकूम लंडनचा होता, गव्हर्नरांनी सांगितलं, पण खाली सही त्यांचीच होती. दवाखाना उघडू द्या म्हणून त्यांनी चारदा लिहिलं होतं. एकाही पत्राला उत्तर नव्हतं. गव्हर्नराची विनंती तिथे कुठल्यातरी कपाटात पडून राहते. गव्हर्नराविरुद्धची तक्रार मात्र मंत्र्यांपर्यंत पोचते, वर्तमानपत्रांत येते.

युडोराने लेखणी खाली ठेवली. "आणि तुमचं काय होईल?"

"माझं नाव जरा ठळक लिहा," ते म्हणाले.

शेऱ्याच्या जागी त्यांनी तीनच शब्द लिहिले: तक्रार खरी आहे.

सहा महिन्यांनी एकाच बोटीने दोन हुकूम आले. दवाखाना उघडावा. गव्हर्नरांनी लंडनला परत यावं.

ते निघाले त्या दिवशी धक्क्यावर ढोल वाजत होते. डोंगरापलीकडून माणसं नाचत आली होती. कुणीतरी गव्हर्नरांवर टिंगलीचं गाणं रचलं होतं आणि बायका टाळ्यांवर ते म्हणत होत्या. गर्दीतून वाट काढत युडोरा त्यांच्याजवळ आली. हे आपल्याला ऐकवत नाही, म्हणाली. आत्ताच्या आत्ता सगळ्यांना खरं सांगते.

गव्हर्नरांनी घाम पुसला. थोडा वेळ ते गाणं ऐकत उभे राहिले.

"नका सांगू," ते म्हणाले. "आपण एका गव्हर्नराला घालवलं, असं लोकांना वाटू द्या. माझ्या जागी जो येईल, त्यालाही तसंच वाटू द्या."