पंजाबरावचे केस

बसा ना भाऊ, चहा होईस्तोवर आपल्या रिसालीच्या पंजाबरावची गंमत सांगतो. बत्तीस वर्षं लोखंडाच्या प्लांटात क्रेन चालवली, पन हेल्मेटाबिना त्याले कोनी पाह्यलं नाही. टक्कल दिसते म्हनून जेवतानीही काढत नव्हता, अन् त्या हेल्मेटाच्याच भरवशावर सेफ्टीचं बक्षीस दोनदा घरी घेऊन आला.

यंदा सेफ्टीची परीक्षा डोळ्याले व्हीआरचा डबा लावून होती; पास झाला तरच गेटपास. त्या खोट्या प्लांटात फिरायले आधी आपला अवतार बनवा लागते. पंजाबरावनं त्याले दाट, काळेभोर, कपाळावर झुलनारे केस लावले. डब्यातल्या आरशात पाहून असा खुलला, जशी त्याचीच वरात निंगून राहिली.

मंग आत गेला, तं वरून लोखंड पडलं. तीनदा पडलं, अन् तिन्हीदा याच्याच डोक्यात.

परीक्षा घेनाऱ्या सोनल मॅडमनं कपाळाले हात लावला. "काका, तुमी अन् फेल? हेल्मेट समोरच टांगलं होतं, घातलं कावून नाही?"

"अवो मॅडम, केस दबून राह्यले असते ना!"

 

सोमवारी पुन्हा परीक्षा आहे. तुमची मॅडमसंग ओळख आहे, तं भाऊ, एवढं सांगून द्या: या बारीले त्याले टकलाच अवतार द्या.